सुट्टीतले सोलापूर

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागून शाळा सकाळच्या झाल्या, दुपारी बारानंतर नवी पेठ आणि टिळक चौकासारखे गजबजलेले भागही ओस पडू लागले, आणि गच्चीगच्चीवर कुरडया-सांडग्यांची वाळवणे पसरली, की सोलापुरात वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत हस्तपत्रके घरात पडू लागतात. नृत्य, चित्रकला, स्केटिंग, कराटे, अबॅकस, वैदिक गणित, कोडिंग, सुंदर हस्ताक्षर आणि ह्या सर्वांना पोटात घेणारा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे त्यांतील विषय असतात. मुदत आठ-दहा दिवसांची, फी आगाऊ भरावयाची, आणि समाप्तीच्या दिवशी पालकांसमक्ष कार्यक्रम होऊन प्रत्येकाला, तो काही शिकलेला असो वा नसो, प्रशस्तिपत्रक मिळण्याची हमी.

ह्या शिबिरांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केलेली आहे. ज्या घरी आई व वडील दोघेही कामावर जातात, आजोळ दूर राहिले आहे किंवा आजोळच शहरात येऊन राहिले आहे, त्या घरी दीड महिन्याची सुट्टी ही मौजेइतकीच बंदोबस्ताचीही बाब असते, आणि मूल दोन-तीन तास कोणा जबाबदार माणसाच्या नजरेखाली राहिले, एवढाच त्या फीचा मोबदला धरला तरी ती अगदीच वाया गेली असे म्हणता येत नाही. माझी तक्रार निराळी आहे. मुलांनी पाहावे, हाताळावे, त्यांविषयी विचारावे असे इतके काही सोलापूरच्या पेठापेठांतून विखुरलेले असताना येथील शिबिरांचे विषय मात्र पुण्या-मुंबईच्या हस्तपत्रकांवरून उतरवून घेतलेले दिसतात. आणि ज्या मुलांना अशा उपक्रमांची सर्वांत अधिक गरज, त्यांच्या वस्तीपर्यंत ते हस्तपत्रकही पोहोचत नाही.

प्रथम हवामानाचा हिशेब मांडला पाहिजे, कारण तो मांडल्यावाचून आखलेला कोणताही उपक्रम सोलापुरात तिसऱ्या दिवशी बारगळतो. मे महिन्यात येथील पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या छताखालची खोली दिवस मावळल्यावरही तापलेलीच राहते. म्हणजे मुलांना बाहेर हिंडवण्याजोगा वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि सायंकाळी साडेपाचच्या पुढचा. मधले आठ तास सावलीचे, पाण्याचे, निजण्याचे आणि पुस्तकाचे. दहा वाजता भरून एक वाजता सुटणारे, म्हणजे मुलाला ऐन उन्हात दुचाकीवरून घरी आणावयास लावणारे शिबिर कितीही नामांकित असले, तरी ते कोणीतरी महाबळेश्वरी बसून आखले असावे असे मला नेहमी वाटते.

मुलांच्या सुट्टीची तजवीज मोठ्यांनी करावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी 1906 साली ‘आनंद’ मासिक काढले, त्याच्या कितीतरी वर्षांनंतरही टपालाने येणारे मुलांचे मासिक हेच खेड्यापाड्यांतील बालकांचे एकमेव शिबिर होते. 1941 च्या जूनमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिरे ह्यांची सवय लावली. साने गुरुजी गेल्यावर 1951 साली प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला सुरू केली, जिचे सारे भांडवल म्हणजे गोष्ट सांगणारा एक मनुष्य आणि समोर बसलेली मुले. 1959 साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणून, मुलांच्या नाटकालाही मोठ्यांच्या नाटकाइतकाच नेपथ्याचा व मेहनतीचा मान द्यावयाचा असतो हे दाखवून दिले. आणि पुण्यात सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात शोभा भागवत ह्यांनी, मुलांना काही शिकवण्याची घाई न करता त्यांना खेळू द्यावे, हा साधा दिसणारा पण पालकांच्या गळी उतरवण्यास अत्यंत अवघड असा विचार वर्षानुवर्षे चालवला. ह्यांपैकी कोठेही ‘आठ दिवसांत आत्मविश्वास’ अशी जाहिरात केलेली नव्हती.

सुट्टीत मुले शिकलेले विसरतात काय, हा प्रश्न शिक्षकांना जूनमध्ये दरवर्षी पडतो आणि पाढ्यांची उजळणी घेताना त्याचे उत्तरही त्यांना मिळते. अमेरिकेत ह्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून असा निष्कर्ष काढला, की उन्हाळ्यात मुलांचे सरासरी सुमारे महिनाभराचे शिक्षण मागे पडते, गणितात अधिक व वाचनात कमी. परंतु वाचनाच्या बाबतीत सुखवस्तू घरांतील मुले मागे पडत नाहीत, पडतात ती गरिबांची. त्याच सुमारास बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल हे समाजशास्त्रज्ञ 1982 साली पहिलीत दाखल झालेल्या सुमारे आठशे मुलांचा वर्षानुवर्षे माग काढीत होते, आणि त्यांनाही हेच आढळले, की शाळा चालू असताना दोन्ही वर्गांतील मुले जवळपास सारख्याच गतीने पुढे जातात, फरक पडतो तो उन्हाळ्यात. हे निष्कर्ष पुढे सर्वांनीच जसेच्या तसे मान्य केले असे नव्हे. मोजण्याची परीक्षा बदलली की तफावतही बदलते, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे, आणि बाल्टिमोरचे माप सोलापूरला सरसकट लावणेही शहाणपणाचे नाही. तथापि त्या वादातून हाती आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रिचर्ड ॲलिंग्टन व ॲन मॅकगिल-फ्रँझन ह्यांनी फ्लॉरिडातील गरीब वस्त्यांच्या शाळांतून मुलांना सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येकी बारा पुस्तके दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली, आणि असे लागोपाठ तीन उन्हाळे केले. शिबिर नाही, शिक्षक नाही, परीक्षा नाही. पुस्तके मिळालेल्या मुलांचे वाचन न मिळालेल्यांहून पुढे गेले, आणि ही प्रगती उन्हाळी शाळेत घातलेल्या मुलांच्या प्रगतीच्या तोडीची होती. ‘मुलांनी स्वतः निवडलेली’ ह्या अटीवर आपल्याकडील थोर पालकांनी थोडा विचार करावा. कारण आपल्या घरी सुट्टीत पुस्तक येते ते बहुधा चरित्र असते आणि ते काकांनी निवडलेले असते.

आपल्या देशातील दाखला बिहारचा आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. 2008 च्या जून महिन्यात तेथील काही सरकारी शाळांतून महिनाभराची उन्हाळी शिबिरे भरवण्यात आली. शिकवणारे शिक्षक सरकारीच होते. ‘प्रथम’ संस्थेने त्यांना साहित्य व प्रशिक्षण पुरवले आणि मुलांची विभागणी इयत्तेप्रमाणे न करता, ज्याला अक्षर येते, ज्याला शब्द येतो, ज्याला परिच्छेद वाचता येतो, अशी प्रत्यक्ष पायरीप्रमाणे केली. ह्या प्रयोगाची पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते, ज्यांना पुढे 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिबिरातील मुलांचे वाचन एका महिन्यात सुधारले. मौज अशी, की तीच पद्धत शाळेच्या नित्य वर्षात त्याच शिक्षकांच्या हाती दिली असता तिचा फारसा प्रभाव पडला नाही, कारण जुलै उजाडताच अभ्यासक्रम, तपासणी, माहितीचे तक्ते आणि पाठ्यपुस्तक संपवण्याचा तगादा ह्यांनी शिक्षकाचा ताबा घेतला. मनुष्य तोच, मुले तीच, इमारतही तीच. सुट्टीत मात्र त्या मनुष्याला मुलाकडे पाहण्याची मोकळीक होती.

आता सोलापूरच्या पूर्व भागाकडे वळू. अशोक चौकाच्या आसपासच्या व त्यापलीकडच्या वस्त्यांतून, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबे यंत्रमागावर आणि विडीवर जगतात. पुरुष मागावर, स्त्रिया विड्या वळण्यात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू मोजून घ्यावयाची, घरी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसावयाचे, भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापावयाचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळावयाचे, टोक मुडपावयाचे, दोरा बांधावयाचा, आणि हजाराची भरती झाली की मजुरी. ह्या घरातील मुलाला सुट्टी लागते म्हणजे नेमके काय होते? शाळेतील दुपारचे जेवण बंद होते; घर एका खोलीचे; बाहेर ऊन; आणि आईच्या हाताशी बसले तर पाने कापण्याचे काम आपोआपच हाती येते. जेवणाची बाब किरकोळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या एप्रिलमध्ये दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शाळेतील भोजन चालू ठेवावे असा आदेश दिला, तो ह्याच जाणिवेने, आणि ज्या जिल्ह्याच्या नशिबी अवर्षण वारंवार येते त्या सोलापूरला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रामीण भागात ह्याहून विचित्र स्थिती आहे. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे कारखान्यांचे गाळप आटोपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. त्यांच्यासोबत गेलेले मूल सहा महिने फडात काढून शाळेत पाऊल टाकते न टाकते तोच शाळेला कुलूप लागते. इतरांना जो विश्रांतीचा काळ तो ह्या मुलासाठी खरा शाळेचा काळ असावयास हवा, पण आपले शैक्षणिक वर्ष त्याच्या वर्षाशी जुळत नाही. ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात, गुरे राखावयास जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून कुरणातच शाळा नेली; त्या कुरणशाळेचे कौतुक आपण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून करतो, परंतु एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांत फडावरून आलेल्या मुलांसाठी गावातील चावडीत किंवा समाजमंदिरात वर्ग भरवण्याची तरतूद मात्र कोणा उत्साही गुरुजींच्या मर्जीवर सोडून देतो.

विडी वळणाऱ्या आईच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: तिचे हात व डोळे गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. क्यूबा देशात हॅवाना येथील सिगार वळण्याच्या कारखान्यांतून 1865 पासून एक वाचक उंच आसनावर बसून कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. केरळातही विडी कामगारांत अशा वाचनाची परंपरा होती. सोलापूरच्या घरोघरी तो वाचक तयारच बसलेला आहे. चौथीतील मुलीने आईला दुपारी अर्धा तास एक गोष्ट वाचून दाखवावी, आईने मध्येच ‘मग पुढं?’ म्हणावे, ह्याहून स्वस्त आणि नेटके वाचनशिबिर मला तरी सुचत नाही. त्यासाठी हवीत ती पुस्तके, आणि ती घरात नसतात.

ह्या पुस्तकांची सोय काय? 1967 च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अनुदानित वाचनालयांचे जाळे उभे राहिले, आणि सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. परंतु विडी कामगारांच्या वसाहतीतील बाई मुलाला घेऊन शहराच्या मध्यवर्ती भागातील वाचनालयात अनामत भरावयास येईल, ही अपेक्षाच चुकीची. पुस्तकाने तिच्याकडे जावयास हवे. नाशिकच्या विनायक रानड्यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ह्या उपक्रमात ग्रंथपेटी वाचकांच्या गटाकडे ठेवावयाची व ठरावीक मुदतीने एका गटाची पेटी दुसऱ्याकडे फिरवावयाची, ही युक्ती 2009 पासून चालवली आहे. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 साली दहा हजार घरकुले विडी कामगार स्त्रियांच्या ताब्यात आली. तेथे एका गल्लीत एक पेटी, आणि ती एखाद्या दहावी झालेल्या ताईच्या ओट्यावर, अशी योजना आखावयास फार मोठ्या निधीची गरज पडू नये. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तर कित्येक शाळांच्या कपाटांत धूळ खात असतात.

मुलांनी पाहावे, हाताळावे असे पुष्कळ काही सोलापुरात विखुरलेले आहे असे आरंभी म्हटले; त्या धनातील एकच येथे जरा सावकाशीने पाहू. सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन लाभलेली आणि साऱ्या देशात ओळखीची. पण ती विणताना पाहिलेली सोलापूरचीच मुले, विशेषतः पश्चिमेकडील नव्या वसाहतींतील, किती निघतील ह्याची मला शंका आहे. यंत्रमागाच्या माथ्यावर जॅकार्डचा सांगाडा बसवलेला असतो आणि त्यावरून, दोऱ्याने एकमेकांस ओवलेल्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबलचक माळ खाली लोंबत असते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा पुढे सरकतो आणि सुयांच्या रांगेवर येऊन टेकतो. जेथे भोक आहे तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि त्यासोबत ताण्याचा धागा उठतो. जेथे भोक नाही तेथे सुई मागे ढकलली जाते आणि तो धागा खालीच राहतो. उठलेल्या व बसलेल्या धाग्यांच्या मधून धोटा बाण्याचा एक धागा टाकून जातो, फणी तो ठोकून बसवते, आणि पुढचा पुठ्ठा येतो. माळेचा शेवटचा पुठ्ठा संपला की पहिला पुन्हा हजर. म्हणून चादरीवरचा मोर पुन्हा पुन्हा उमटतो. काही कारखान्यांत आता पुठ्ठ्यांची जागा विद्युत यंत्रणेने घेतली आहे, पण पुठ्ठ्यांचा माग पाहावयास मिळाला तर तोच आधी दाखवावा.

जोसेफ मारी जॅकार्ड ह्या फ्रेंच कारागिराने लिऑन शहरात 1804 च्या सुमारास ही युक्ती पूर्णत्वास नेली. चार्ल्स बॅबेज ह्या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणकयंत्राला हुकूम देण्यासाठी हेच भोकांचे पुठ्ठे योजले होते, आणि हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या 1890 च्या खानेसुमारीची मोजदाद अशाच भोकांच्या पुठ्ठ्यांवर केली. भोक आहे अथवा नाही, धागा वर अथवा खाली, एक अथवा शून्य: संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचे मर्म येथे लाकूड, लोखंड आणि सूत ह्यांत डोळ्यांसमोर खडखडत असते. आणि आम्ही मुलाला ह्याच शहरात वातानुकूलित खोलीत बसवून, चार हजार रुपये फी भरून, कोडिंग म्हणून पडद्यावरच्या मांजराला उजवीकडे चालवावयास शिकवतो. त्या मांजरावर माझा राग नाही. परंतु मागावरून परत आल्यावर मुलाच्या हाती आलेखवही देऊन, वीस चौकोनांच्या ओळीत भरलेला चौकोन म्हणजे धागा वर आणि रिकामा म्हणजे खाली, अशी एक नक्षी त्याला आखावयास सांगावी, आणि मग ती दुसऱ्या मुलाला न दाखवता केवळ ‘वर, वर, खाली, वर’ असे बोलून त्याच्याकडून उतरवून घ्यावी. एका ओळीत झालेली चूक सबंध मोराची मान कशी वाकडी करते, हे त्यांना हसता हसता कळते. मागाच्या खोलीत मुलांना धोट्याच्या रेषेपासून दूर उभे करावे, कानांत कापूस घालावा, आणि एका वेळी आठ-दहांहून अधिक नेऊ नयेत. मालकाला आधी विचारावे हे सांगणे नलगे. कामगाराचा खोळंबा झाला तर त्याची मजुरी बुडते, म्हणून दहा मिनिटे माग थांबवावयास लावला असेल तर त्याचा मोबदला देणे हेही शिबिराच्या खर्चात धरलेले असावे. विणकराला शिक्षक म्हणून मुलांसमोर उभे करावे आणि त्याला मानधन द्यावे, हे तर मी अधिकच आग्रहाने म्हणेन.

दुसरे धन बार्शी रस्त्यावर, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या नान्नजच्या माळावर आहे. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी हे अभयारण्य जाहीर झाले. पंधरा किलोंपर्यंत वजन भरणारा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदार गणला जाणारा हा पक्षी बहुधा एका विणीत एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि आज नान्नजला तो दिसणे हा दुर्मीळ योग झाला आहे. मग मुलांना तेथे काय दाखवावयाचे? काळवीट दिसतात, चंडोल दिसतो, गवताच्या जाती दिसतात. आणि जो दिसत नाही तो का दिसत नाही, हे त्याच जागी उभे राहून सांगता येते. हिरवीगार झाडी म्हणजेच निसर्ग, अशी समजूत असलेल्या मुलाला, गवताळ माळ हे ओसाड रान नसून एक भरलेले घर आहे आणि तेथे झाडे लावणे हाही कधी कधी अपकार ठरतो, हे कळणे फार महत्त्वाचे. ज्या सोलापुरात 1932 साली मारुती चितमपल्ली जन्मले आणि जेथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी 2006 साली भूषविले, त्या शहराला हा विषय परका नसावा. तेलुगू बोलणाऱ्या कामगार घरात वाढून मराठीत अरण्याचे वाङ्मय निर्माण करणाऱ्या ह्या लेखकाने रानाचे पहिले धडे शाळेत घेतले नव्हते. घरातील माणसांसोबत हिंडताना घेतले होते.

तेलुगूचा उल्लेख आला म्हणून सांगतो: सोलापूरचे मूल ज्या भाषांच्या गलबल्यात वाढते ते भाग्य पुण्यातील मुलाला फी भरूनही मिळणार नाही. घरी तेलुगू, भाजीवालीशी कन्नड, शेजारी उर्दूमिश्रित हिंदी, शाळेत मराठी, आणि गल्लीत ह्या सर्वांवर ‘का बे, कुठं निघालास बे?’ अशी खास सोलापुरी मोहोर. शाळा ह्या संपत्तीला बहुधा अशुद्धतेच्या खात्यात जमा करते. सुट्टीत मुलांनी आपल्या अव्वाकडून किंवा अज्जीकडून एक गोष्ट तिच्या भाषेत ऐकावी, मराठीत लिहून काढावी, वर्गातल्या दुसऱ्या भाषेच्या मित्राकडून तिचे शीर्षक त्याच्या लिपीत लिहून घ्यावे, आणि अशा वीस-पंचवीस गोष्टींचे हस्तलिखित बांधावे. ते करताना गोष्टी सांगण्याची व करून दाखवण्याची कला ज्यांना समजून घ्यावयाची असेल त्यांनी ‘क्वेस्ट’ संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम पाहावा. तरुण नट मुलांपुढे पुस्तकातील गोष्ट अभिनयाने उभी करतात आणि मुले मग ते पुस्तक शोधीत येतात. सोलापुरात शाळा शिकलेले अभिनेते अतुल कुलकर्णी ह्यांचा ह्या संस्थेशी अध्यक्ष या नात्याने संबंध आहे.

बाकीच्या स्थळांविषयी थोडक्यात: आदिला नदी अडवून 1871 साली पुरा झालेला एकरुखचा, म्हणजे लोकांच्या तोंडचा हिप्परग्याचा तलाव, सकाळी पक्ष्यांसाठी आणि पाणी कोठून येते हे दाखवण्यासाठी, भय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक, जेथे 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या आणि 1942 साली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच मरण पावलेल्या सोलापूरच्या डॉक्टरची कथा नकाशा हाती घेऊन सांगावी. केगावचे विज्ञान केंद्र दुपारच्या उन्हावर चांगला उतारा. आणि भुईकोट किल्ला संध्याकाळी, तटावर बसून चित्रे काढण्यासाठी, सनावळी पाठ करण्यासाठी नव्हे.

सुट्टीतील शिक्षणात आईबापांचा वाटा कोणता, हे विचारले की ‘आम्हांला काय येतंय?’ असे उत्तर गरीब घरांतून हमखास येते. महाराष्ट्र शासनाने 2022 साली ‘पहिले पाऊल’ ह्या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू केले, त्यात ह्या उत्तराचा चांगला विचार केलेला दिसतो. पहिलीत येणाऱ्या मुलांचा एक मेळावा एप्रिलमध्ये व दुसरा जूनमध्ये भरतो. मूल एकेका टेबलापाशी जाऊन उड्या मारते, रंग भरते, वस्तू मोजते, चित्र पाहून बोलते, आणि त्याला काय जमते ह्याची नोंद आईच्या हाती दिलेल्या पत्रावर होते. दोन मेळाव्यांच्या मधल्या उन्हाळ्यात वस्तीतील पाच-सहा आयांचा गट जमून, मिळालेल्या कृतिपत्रिकांप्रमाणे मुलांकडून घरातल्याच वस्तूंनी खेळ करून घेतो. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही डाळ-तांदूळ निवडताना दाणे मोजवून घेता येतात. वाळवणाच्या दिवसांत तर हे शिक्षण गच्चीवर पसरलेलेच असते: किलोभर गव्हाच्या चिकाच्या किती कुरडया, ओल्या सांडग्याचे वजन वाळल्यावर किती उतरले, सावली कोणत्या वेळी कोणत्या भिंतीकडे सरकली, आणि कावळे हाकलण्याची पाळी न्यायाने कशी वाटावयाची.

ज्यांना शिबिर निवडावयाचेच आहे त्यांनी हस्तपत्रकातील विषयांची यादी न वाचता चालकांना असे विचारावे, की एका ताईकडे मुले किती, दिवसातला किती वेळ मुले स्वतःच्या हातांनी काही करीत असतील, पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय कशी, आणि शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाची तालीम किती दिवस चालणार. दहा दिवसांच्या शिबिरात सहा दिवस तालीम असेल तर ते शिबिर पालकांसाठी आहे. एकाच मुलाला सकाळी पोहणे, मग अबॅकस, सायंकाळी तबला असे जुंपणाऱ्यांना काय सांगावे? कंटाळा येण्याइतका रिकामा वेळ मिळाल्यावाचून मूल स्वतः खेळ शोधून काढीत नाही.

आणि जागेचा प्रश्न. महानगरपालिकेच्या मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांच्या शाळा वस्तीच्या मध्यभागी आहेत. त्यांना छप्पर आहे, नळ आहे, पटांगण आहे, आणि मे महिन्यात कुलूप आहे. मुख्याध्यापक किल्ली देत नाहीत ह्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे, कारण प्रत्येक बाक, घंटा आणि पंखा त्यांच्या नावे जडवस्तू नोंदवहीत चढलेला असतो आणि एखादा नग कमी भरला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून वस्तीतील महिला बचत गटाने किंवा माजी विद्यार्थ्यांनी एकच खोली, व्हरांडा व नळ एवढ्याचीच मागणी करावी, सकाळी साडेसहा ते साडेनऊ अशी वेळ लिहून द्यावी, खोलीतील वस्तूंची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, आणि शिपायाच्या मानधनाची वर्गणी आधीच गोळा करून अर्जात तिचा आकडा नमूद करावा. अर्ज मार्चअखेरपूर्वी आवकजावक टेबलावर पडून त्याची पोच हाती आली पाहिजे. एप्रिलमध्ये परीक्षा आणि निकालपत्रके असतात, आणि मे उजाडेपर्यंत मंजुरी देणारे साहेब रजेवर गेलेले असतात.